फिरणं सोपं, थांबणं अवघड : टोपीच्या रिव्हॉल्व्हरची वेळ आणि तिची दुरुस्ती

मध्यंतरी मंडळाच्या एका सभासदांनी मला एका जुन्या रिव्हॉल्व्हरचे फोटो पाठवले. कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याचं, घराण्यात परवान्यावर चालत आलेलं शस्त्र. टोपीचं, म्हणजे पितळी काडतुसं रूढ होण्याआधीचं. कप्प्यात पुढून दारू आणि गोळी ठासायची आणि मागच्या निपलवर तांब्याची टोपी बसवायची. बरीच वर्षं ते अडून बसलं होतं. घोडा अर्ध्यापर्यंत यायचा आणि पुढे हलायचा नाही. कुणीतरी एक कारागीर सुचवला, त्याच्याकडे दिलं आणि दोन दिवसांत ते 'मोकळं' होऊन आलं. "आता बघा, सिलिंडर कसा भिंगरीसारखा फिरतो," असं त्यांनी कौतुकाने लिहिलं होतं.

फोटो मोठा करून पाहिला आणि मन खट्टू झालं. सिलिंडरच्या मागच्या बाजूला रॅचेटचे सहा दात असतात, ते कानशीने घासून गुळगुळीत केले होते. परिघावरच्या खाचांच्या कडाही उडाल्या होत्या. सिलिंडर फिरत होता हे खरं, पण आता तो ठरल्या जागी थांबत नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने जी गोष्ट मोठ्या कष्टाने जुळवली होती, ती दोन दिवसांत गेली.

त्या कारागिराला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. अडलेलं यंत्र दिसलं की आपण आधी ते 'फिरतं' करायला जातो. पण रिव्हॉल्व्हरचा सगळा इतिहास थांबण्याचा आहे. हे मला पुस्तकांतून नीट कळलं नव्हतं. ते कळलं ते आजच्या काळात बनणाऱ्या प्रतिकृतींच्या दुरुस्तीतून. म्हणून आधी थोडा इतिहास, मग दुरुस्ती, आणि मग पुन्हा इतिहास.

कोल्टने नेमकं काय शोधलं?

एका शस्त्रात अनेक कप्पे ठेवायचे आणि ते एकामागून एक नळीसमोर आणायचे, ही कल्पना सॅम्युअल कोल्टच्या कितीतरी आधीची. युरोपात ती होतीच. भारतातही तोड्याच्या बंदुकांना फिरत्या कोठ्या बसवलेल्या आढळतात आणि त्यांचे नमुने विलायतेतल्या शस्त्रसंग्रहांत आजही आहेत. अशा जुन्या शस्त्रांत कोठी सहसा हाताने फिरवायची. एलिशा कोलियर या अमेरिकन माणसाने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. सुरुवातीला त्यात स्प्रिंगच्या जोरावर कोठी आपोआप फिरावी अशी योजना होती. ती भरवशाची ठरली नाही, आणि पुढच्या नगांत कोठी हातानेच फिरवावी लागे.

कोल्ट सोळा वर्षांचा असताना, १८३० मध्ये, बॉस्टनहून 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर कामाला लागून कलकत्त्याला आला. या सफरीत त्याने रिव्हॉल्व्हरचा लाकडी नमुना कोरला, असं सांगतात. कुणी म्हणतं जहाजाचं सुकाणूचं चाक पाहून सुचलं, कुणी म्हणतं नांगर ओढायचा रहाट पाहून. कोलियरची शस्त्रं त्याने हिंदुस्थानात पाहिली असावीत, असाही तर्क केला जातो. मला स्वतःला रहाटाची गोष्ट पटते, कारण रहाटात दोन गोष्टी असतात : फिरणं, आणि मागे न जाता थांबणं.

कोल्टने १८३५ मध्ये इंग्लंडचं आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट घेतलं. त्यातला गाभा असा : घोडा मागे ओढण्याच्या एकाच क्रियेत सिलिंडर सुटावा, पुढच्या कप्प्यापर्यंत फिरावा आणि तिथे पक्का अडकावा. १८५१ मध्ये बॉस्टनला त्याने मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीविरुद्ध पेटंटभंगाचा खटला लढवला आणि जिंकला. त्या कंपनीचा सिलिंडर घोडा ओढला की दातेरी चाकांनी फिरायचा. म्हणजे यंत्रणा वेगळी होती, पण फिरणं आणि अडकणं घोड्याच्या ओढीशी बांधलेलं होतं. खटला हरल्यावर कोल्टच्या पेटंटची मुदत असेपर्यंत त्यांना सिलिंडर हाताने फिरवायची रिव्हॉल्व्हरं बनवावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोल्टने लंडनच्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे आपल्या शस्त्रांवर आणि ती बनवणाऱ्या यंत्रांवर निबंध वाचला. एका अर्थी इंजिनियरांच्या दप्तरात हा विषय तेव्हापासून दाखल आहे.

घोड्याच्या एका ओढीत काय घडतं

'नेव्ही' डोळ्यांपुढे ठेवू. महत्त्वाचे भाग चार. घोड्याला जोडलेला पॉल, म्हणजे सिलिंडरच्या मागच्या रॅचेटला खालून वर ढकलणारा लांबट दांडा. सिलिंडरच्या मागचे रॅचेटचे सहा दात. फ्रेमच्या तळातून वर डोकं काढणारी खिट्टी, जी सिलिंडरच्या परिघावरच्या खाचेत बसून त्याला अडवते. आणि घोड्याच्या बाजूला असलेला छोटा कॅम, जो खिट्टीची मागची शेपूट उचलतो.

घोडा ओढायला लागलं की सगळ्यात आधी कॅम शेपूट उचलतो आणि खिट्टीचं डोकं खाली जातं. सिलिंडर सुटा होतो. मग पॉल दाताला लागतो आणि सिलिंडर फिरू लागतो. अर्ध्या टप्प्यावर घोडा थांबवला तर खिट्टी खालीच राहते, म्हणून तिथे सिलिंडर हाताने फिरवून भरता येतो. त्यापुढे ओढलं की शेपूट कॅमवरून सटकते. खिट्टी स्प्रिंगच्या जोरावर वर येते आणि सिलिंडरला घासत पुढच्या खाचेची वाट पाहते. घोडा पूर्ण मागे जाऊन चापावर अडकतो, अगदी त्याच क्षणी खिट्टी खाचेत बसली पाहिजे. कानाला हे दोन आवाज एकच वाटले पाहिजेत. यालाच 'टायमिंग' म्हणतात.

कॅप्स्टन किंवा टरेट लेथवर काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. टरेट मागे घेतला की आधी लॉक सुटतो, मग डोकं फिरतं, मग लॉक बसतो. क्रम चुकला तर टूल मोडतं. हे साम्य योगायोगाचं म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या टरेट लेथची घडण १८४० आणि १८५० च्या दशकांत बंदुकांच्या कारखान्यांच्या आसपासच झाली.

किती बारीक काम आहे याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. सिलिंडरचा व्यास चाळीस मिलिमीटर धरा आणि रॅचेटचा दात मध्यापासून सहा मिलिमीटरवर. पॉलची लांबी फक्त एक दशांश मिलिमीटरने चुकली, तर सिलिंडर जवळजवळ एका अंशाने चुकतो. कप्प्याचा मध्य आसापासून तेरा मिलिमीटरवर असेल, तर कप्पा आणि नळी यांच्यात सुमारे पाव मिलिमीटरचा फरक पडतो. नळीच्या तोंडाशी गोळीचं शिसं सोललं जायला आणि त्याचे कण बाजूला उडायला तेवढा फरक पुरतो. एक दशांश मिलिमीटर म्हणजे साधारण जाडसर कागद. कानशीचे दोन हात.

प्रतिकृती कुठून आल्या

कोल्टच्या हार्टफर्ड कारखान्यात टोपीच्या रिव्हॉल्व्हरांचं उत्पादन १८७३ च्या सुमारास संपलं. त्यानंतर ही शस्त्रं संग्राहकांची झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वॅल फोर्जेट यांनी इटलीतल्या कारागिरांकडून नेव्ही नमुन्याच्या प्रतिकृती बनवून घ्यायला सुरुवात केली. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ अशी साजरी होणार होती. जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी लोकांना शस्त्रं हवी होती आणि अस्सल शस्त्रं महाग होत चालली होती. ही प्रतिकृती बनली ती ब्रेशा जिल्ह्यातल्या गार्दोने वाल त्रोम्पिया या गावात. तिथे लोखंडाच्या नळ्यांचा धंदा शतकानुशतकांचा आहे. बेरेटा घराणं १५२६ पासून तिथलंच. उबेर्ती आणि पिएत्ता ही आजची परिचित नावंही याच भागातली.

आज युरोप-अमेरिकेत या शस्त्रांच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात. तोंडाने भरायच्या शस्त्रांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे आणि तिच्या स्पर्धांत टोपीच्या रिव्हॉल्व्हरसाठी स्वतंत्र गट आहे. म्हणजे ही शस्त्रं कपाटात बसलेली नाहीत. ती चालतात, अडतात आणि दुरुस्त होतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग इथे आहे. अस्सल शस्त्रावर जे प्रयोग करायची कुणाची हिंमत होऊ नये, ते प्रतिकृतीवर होतात.

एक अडलेली नेव्ही

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत दोन महिने होतो. शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहायचे. मी यंत्रशाळेतला माणूस आहे असं कळल्यावर त्यांनी गॅरेजमधलं बाक दाखवलं, आणि पुढचे कितीतरी शनिवार मी तिथेच होतो. त्यांच्याकडे नेव्हीची एक प्रतिकृती दुरुस्तीला आली होती. तक्रार अशी की पाचर बसवली की घोडा ओढताना सिलिंडर अडतो.

इथे नेव्हीची रचना सांगायला हवी. या रिव्हॉल्व्हरला वर पट्टी नाही. फ्रेममधून पुढे आलेल्या जाड आसावर, म्हणजे आर्बरवर, सिलिंडर चढतो. त्याच आर्बरवर पुढून नळी सरकते आणि आडवी पाचर ठोकून नळी जागेवर बसते. सगळं शस्त्र त्या एका पाचरीवर उभं असतं.

मी घाईने म्हणालो, पॉल लांब असेल, थोडा घासू या. ते हसले आणि म्हणाले, कानस सगळ्यात शेवटी. आधी त्यांनी टोप्या नाहीत, कप्पे रिकामे आहेत हे स्वतः पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. मग नळी उतरवली आणि नुसता सिलिंडर आर्बरवर ठेवून घोडा ओढला. लोण्यासारखा चालला. म्हणजे पॉल निर्दोष होता. दुखणं नळीपाशी होतं.

पाचर अंगठ्याने बसवली तेव्हा नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने दहा थाऊ भरली, म्हणजे पाव मिलिमीटर. लाकडी मोगरीने पाचर दोनदा ठोकली आणि फट नाहीशी झाली. सिलिंडर नळीवर घासून अडू लागला. आता कारण शोधायचं. त्यांनी नळी आडवी फिरवून आर्बरवर पूर्ण सरकवली, इतकी की नळीचा खालचा भाग फ्रेमच्या बाजूने मागे जाऊ शकेल. तो फ्रेमच्या पुढच्या कडेच्या थोडा मागे गेला. तेवढा आर्बर तोकडा होता. त्याचं टोक नळीतल्या भोकाच्या तळाला टेकतच नव्हतं. टेकायला काही नसल्यामुळे पाचर जितकी ठोकावी तितकी नळी मागे ओढली जायची, आणि वर पट्टी नसल्यामुळे किंचित झुकायची.

इलाज साधा होता. भोकाच्या तळाशी पोलादाची एक चकती बसवायची आणि ती घासत घासत अशा जाडीवर आणायची की पाचर घट्ट ठोकल्यावरही चार थाऊची फट उरेल. कानस लागली, पण चकतीवर. ती बिघडली तर दुसरी करता येते. जे परत आणता येत नाही त्याला हात लावायचा नाही आणि घासायचंच असेल तर जे बदलता येतं ते घासायचं, हा धडा मी तिथे घेतला.

तोकड्या आर्बरची ही तक्रार कितीतरी इटालियन प्रतिकृतींत सापडते. अस्सल कोल्टमध्ये मात्र आर्बरचं टोक तळाला टेकलेलं असतं. ते का, याकडे पुढे येतो.

दुसऱ्या शनिवारी ते रिव्हॉल्व्हर मैदानावर नेलं. तीन सिलिंडर व्यवस्थित चालले, चौथ्याला पुन्हा अडू लागलं. या वेळी कारण काळी दारू. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे राहतो. ती काजळी नळीच्या मागच्या फटीतून आर्बरवर आणि सिलिंडरच्या तोंडावर बसते आणि घट्ट होते. कोल्टच्या आर्बरवर मळसूत्री खाचा असतात. त्या वंगण धरतात आणि काजळीला बाजूला व्हायला जागा देतात. खाचांत वंगण भरल्यावर पुढचे सिलिंडर अडले नाहीत. १८५८ च्या पेटंटच्या रेमिंग्टनमध्ये वर पट्टी आहे, त्यामुळे पाचरीची भानगड नाही आणि सांगाडा मजबूत. पण त्याचा आस बारीक असतो आणि वंगण धरायला तशा खाचा नसतात, म्हणून काजळीने तो लवकर अडतो. एका ठिकाणी मिळवलं ते दुसऱ्या ठिकाणी द्यावं लागलं.

तिसरी अडचण टोप्यांची. फुटलेल्या टोपीचा तांब्याचा तुकडा घोड्याच्या खोबणीतून आत पडतो आणि यंत्रणेत रुततो. घोडा अर्ध्यावर अडला आणि जोर लावूनही पुढे गेला नाही, तर आधी हा तुकडा शोधायचा. टोपी निपलवर पूर्ण न बसता उंच राहिली, तरी ती मागच्या ढालीला घासून सिलिंडर अडवते.

वेळ चुकण्याचे प्रकार

अडण्याची ही बाहेरची कारणं निकालात निघाल्यावरच टायमिंगकडे वळायचं. रिकाम्या शस्त्राचा घोडा अगदी सावकाश ओढायचा आणि सहाही कप्पे एकेक करून तपासायचे.

घोडा पूर्ण अडकला पण खिट्टी अजून खाचेत बसली नाही, तर पॉल तोकडा पडतो आहे. जोरात ओढलं की सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन बसतो आणि दोष झाकला जातो. म्हणूनच सावकाश ओढायचं. इलाज म्हणजे नवा, थोडा लांब पॉल. जुने कारागीर पॉल हलक्या हातोडीने ठोकून किंचित वाढवत.

उलट, खिट्टी खाचेत बसली पण घोडा अजून मागे जायचा राहिला, तर पॉल लांब आहे. तो अडलेल्या सिलिंडरला ढकलत राहतो, घोडा जड लागतो, आणि जोर केला तर खाचेची कड तुटते. इथे पॉलचं टोक घासायचं, पण दोन हात मारून पुन्हा जोडून पाहायचं, पुन्हा दोन हात.

तिसरा प्रकार खिट्टी लवकर सुटण्याचा. ती खाचेच्या बरीच आधी वर येते आणि सिलिंडरभर घासत जाते. त्याची खूण म्हणजे परिघावर उठलेली चकचकीत रेघ. नेव्हीच्या सिलिंडरवर वॉटरमन ऑर्म्सबी याने कोरलेल्या साच्यातून १८४३ च्या कांपेचीच्या सागरी लढाईचं चित्र उमटवलेलं असतं. खिट्टी त्या चित्रालाच ओरखडे काढते. संग्रहालयात अशी रेघ दिसली की 'खूप वापरलेलं शस्त्र' असं लिहायचा मोह होतो. ती रेघ वापराइतकीच बिघडलेल्या जुळणीचीही असू शकते. शिवाय घोडा अर्धवट ओढून पुन्हा खाली सोडायची सवय असेल तरी ती उमटते. खिट्टीची शेपूट स्प्रिंगसारखी लवचीक असावी लागते, कारण घोडा पडताना कॅमला ती बाजूला सारून जायचं असतं. तीच सर्वात आधी मोडते.

आणि शेवटचा, मला सर्वात आवडलेला नियम. सहाही कप्पे सारखेच चुकत असतील तर दोष पॉलचा किंवा खिट्टीचा, कारण ते सहांना सामाईक आहेत. एकच कप्पा चुकत असेल तर दोष त्या एका दाताचा किंवा त्या एका खाचेचा. एका दातासाठी पॉल बदलला तर उरलेले पाच बिघडतात. त्या टूलमेकरांची पद्धत अशी की नवा पॉल सर्वात झिजलेल्या दाताला जुळवायचा आणि मग उरलेले पाच दात त्याच्या मापाने एकेक करून बेतायचे. दिवसभराचं काम. त्यांनी ते केलं आणि संध्याकाळी सहाच्या सहा कप्प्यांचा आवाज एकसारखा आला.

कानशीवाला माणूस

आता आर्बरच्या टोकाकडे परत येऊ. कोल्टबद्दल आपण शाळेपासून वाचतो की त्याने सुटे भाग यंत्रावर इतके अचूक बनवले की कुठलाही भाग कुठल्याही शस्त्रात बसे. १८५३ मध्ये लंडनला, पिमलिकोत, थेम्सच्या काठी त्याने कारखाना काढला. तिथली यंत्रं पाहून ब्रिटिश इंजिनियर थक्क झाले होते. यंत्रं खरी होती. हार्टफर्डला एलिशा रूट याने बसवलेली मांडणी तर त्या काळातली सर्वोत्तमांपैकी एक.

पण अस्सल कोल्ट उघडलं की फ्रेमवर, नळीवर, चापाच्या कड्यावर, सिलिंडरवर, आर्बरवर आणि बोटाएवढ्या पाचरीवरही तोच क्रमांक ठोकलेला दिसतो. सगळे भाग खरोखर अदलाबदल होण्यासारखे असते, तर पाचरीवर क्रमांक कशाला ठोकायचा? तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी याचं उत्तर दिलेलं आहे. भाग यंत्रावर मऊ अवस्थेत घडवले जात, मग हाताने एकमेकांत जुळवले जात, क्रमांक ठोकून पुन्हा सुटे केले जात, त्यांना कडकपणा दिला जाई आणि मग त्याच क्रमांकाचे भाग एकत्र जोडले जात. यंत्राने नव्वद टक्के नव्हे, अगदी नव्याण्णव टक्के काम केलं असेल. पण उरलेलं एक टक्का टायमिंग होतं, आणि ते कानशीने व्हायचं.

हे वाक्य मी पुस्तकात वाचलं होतं, पण त्याचा अर्थ गॅरेजमध्ये कळला. आजच्या प्रतिकृतीचे भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर होतात आणि मापाला ते १८५१ च्या भागांपेक्षा सरस असतील. तरी त्या अडतात, आणि अडतात नेमक्या तिथेच जिथे हार्टफर्डच्या बाकावर कुणीतरी हाताने जुळवणी करत होतं : पॉलचं टोक, खिट्टीची शेपूट, आर्बरचा शेवट. तो माणूस आता उत्पादनाच्या खर्चात बसत नाही. त्याचं उरलेलं काम विकत घेणाऱ्याच्या गॅरेजमध्ये होतं. प्रतिकृतीतला दोष म्हणजे एका विस्मृतीत गेलेल्या कारागिराची रिकामी खुर्ची आहे. कारखान्याच्या नोंदींत यंत्रांची यादी मिळते, मालकाचं चरित्र मिळतं. ही खुर्ची मात्र दुरुस्ती करतानाच दिसते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी

१८५७-५८ च्या धामधुमीत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट, अ‍ॅडम्स, ट्रँटर अशी टोपीची रिव्हॉल्व्हरं होती. ग्वाल्हेर, झाशी, इंदूरकडच्या आपल्या मंडळींच्या लेखनात त्यांचा उल्लेख येतो तेव्हा ते शस्त्र जणू न थकणारं असल्यासारखं येतं. जून महिन्यातली कोटा-की-सरायसारखी लढाई डोळ्यांपुढे आणताना काजळी, फुटलेल्या टोप्या आणि तापलेलं वंगण हेही आणावं. पाच-सहा बार झाले की ते पुन्हा भरायला शांतपणे उभं राहायला जागा आणि काही मिनिटं लागत. त्यामुळे तलवार सुटली नव्हती. रॉबर्ट अ‍ॅडम्सच्या शस्त्राला अखंड फ्रेम होती आणि चाप ओढूनच घोडा उठायचा. १८५६ मध्ये ब्यूमाँटच्या सुधारणेने तो अंगठ्यानेही उठवता येऊ लागला. कोल्ट की अ‍ॅडम्स हा वाद इंग्रजी नियतकालिकांत खूप रंगला. त्यातला मोठा भाग गोळीच्या आकारावर होता, पण कुठलं शस्त्र कमी अडतं हा प्रश्नही तितकाच जिवाचा होता.

अशी काही शस्त्रं आपल्याकडच्या जुन्या घरांत, संस्थानी संग्रहांत आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना चार गोष्टी सांगतो. पहिली, चालू शकणारं रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असो किंवा प्रतिकृती असो, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली त्याला परवाना लागतो, आणि दुरुस्तीही परवानाधारक कारागिरानेच करायची असते. दुसरी, ते रिकामंच आहे असं धरून चालू नका. टोपीची शस्त्रं भरलेल्या अवस्थेत दशकानुदशकं पडून राहिलेली सापडतात आणि काळी दारू म्हातारी होऊन मरत नाही. जाणकाराकडून प्रत्येक कप्पा तपासून घ्या. तिसरी, प्रत्येक भागावरचा क्रमांक टिपून घ्या आणि फोटो काढा. क्रमांक जुळले नाहीत तर तीही माहितीच आहे. चौथी, अडलेलं असेल तर अडलेलंच राहू द्या. ते चालवायचं नाहीच, मग फिरवायचं कशाला? हलकं तेल, कोरडी जागा, बस्स. ज्याला टायमिंगची हौस आहे त्याने ती प्रतिकृतीवर भागवावी, जिथे कायदा आणि सोय दोन्ही असेल तिथे.

आमच्या त्या सभासदांना मी हे सगळं सौम्य शब्दांत कळवलं. त्यांनी मनावर घेतलं नाही, उलट क्रमांक तपासून फोटो पाठवले. फ्रेम, नळी, सिलिंडर, पाचर, सगळीकडे एकच क्रमांक. म्हणजे त्या चार-पाच भागांना एका माणसाने एकदा जुळवलं होतं आणि ते तेव्हापासून सोबत होते. मग त्यांनी आणखी एक फोटो पाठवला. कारागिराने काम झाल्यावर आतून निघालेला कचरा प्रामाणिकपणे कागदाच्या पुडीत बांधून परत दिला होता. काळपट झालेलं चिकट वंगण, थोडा गंज, आणि त्यात नखाएवढा चपटा झालेला तांब्याचा एक तुकडा.

टोपीचा तुकडा होता. घोडा अर्ध्यावर अडत होता तो त्याच्यामुळे. तो काढला तेव्हाच दुरुस्ती संपली होती. दात आणि खाचा घासल्या गेल्या त्या त्यानंतर. ती पुडी जपून ठेवा, असं मी त्यांना सांगितलं आहे.